‘पांढरा हत्ती’ पोसणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, आता अनुवादाचा वर्ग घेते. दोन्हीकडे या हत्तीने माझी पाठ सोडलेली नाही. डेस्कवर असताना तो दर आठवड्याला एखाद्या मथळ्यात यायचा, वर्गात दर तुकडीत कोणी ना कोणी त्याच्याबद्दल विचारतंच. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

‘व्हाइट एलिफंट’ म्हणजे नेमकं काय?

अशी वस्तू, वास्तू किंवा योजना, की जिचा उपयोग फारसा नाही, सांभाळायचा खर्च मात्र मोठा आणि टाकून द्यायचीही सोय नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हत्ती पांढरा झाला असं समजा. एकही कमी पडली तर तो साधा हत्ती.

आमच्या घरचंच सांगते. सासूबाईंच्या माहेरचा वाडा पाडला तेव्हा तिथला चार खांबांचा शिसवी पलंग आमच्या वाट्याला आला. ठाण्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. चार हमालांनी तो जिन्यातून वर आणला, पण दारातून काही आत जाईना. शेवटी सुतार बोलावून चौकट काढली. आत आल्यावर कळलं की खांब लावले तर पंखा फिरत नाही आणि खांब काढले तर पलंगाची सगळी शानच जाते. मग खांब माळ्यावर गेले. पलंग इतका उंच की सासूबाईंना त्यावर चढवत नाही, आणि इतका रुंद की त्या खोलीत दुसरं काही मावत नाही. दरवर्षी वाळवीचं औषध, दोन-तीन वर्षांनी पॉलिश. झोपत कोणीच नाही, इस्त्रीचे कपडे आणि सुटकेसा तेवढ्या असतात. विकायचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, “अण्णांनी करवून घेतलाय तो.” विषय तिथेच संपतो.

म्हणजे महागडी वस्तू हा त्याचा अर्थ ना?

नाही. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. एखाद्याने चाळीस लाखांची गाडी घेतली आणि रोज तीच चालवत असेल, तर ती चैन म्हणा, उधळपट्टी म्हणा. पांढरा हत्ती नव्हे. उलट फुकट मिळालेली गोष्टही पांढरा हत्ती होऊ शकते. खरं तर मूळ गोष्टीतला हत्ती फुकटचाच होता.

तोट्यात आहे म्हणून एखाद्या सेवेला पांढरा हत्ती म्हणणं हीसुद्धा चूकच, आणि मथळ्यांमधून ती सर्रास होते. एसटी तोट्यात असेल, पण सकाळच्या गाडीने पोरं शाळेत जातात, भाजीच्या पाट्या बाजारात येतात. ती दुबळी असेल, कर्जबाजारी असेल, पण रोज ओझं ओढणाऱ्या बैलाला पांढरा हत्ती म्हणता येत नाही. डेस्कवर असताना यावरून मी दोनदा मथळा बदलून घेतला होता. तिसऱ्यांदा माझी सुट्टी होती.

सयामच्या राजाची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाची एखाद्या दरबाऱ्यावर खप्पामर्जी झाली की तो त्याला पांढरा हत्ती भेट द्यायचा. हत्ती पवित्र, त्यामुळे कामाला जुंपायची सोय नाही. राजाची भेट, त्यामुळे विकता येत नाही की कोणाला देऊन टाकता येत नाही. आशियाई हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. वर माहूत, मांडव, झूल. काही वर्षांत दरबारी धुळीला मिळतो आणि राजाचे हात स्वच्छच राहतात.

गोष्ट इतकी घोटीव आहे की ती खरी नसावी असा संशय तिथेच यावा. सयामच्या राजांनी असं काही केल्याचा भरवशाचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. आणि तिथला इतिहास पाहिला तर ते पटतही नाही, कारण पांढरा हत्ती ही राजेपणाची खूण होती. राज्यात जितके पांढरे हत्ती सापडतील तितकी राजाची पुण्याई मोठी. नावडत्या माणसाला असली गोष्ट कोण देईल? आपल्याकडच्या एखाद्या राजाने रुसून कोणाला आपलं छत्र-चामर देऊन टाकलं म्हणण्यासारखंच ते.

इतिहास तर नेमका उलटं सांगतो. पांढरे हत्ती देण्यावरून नाही, न देण्यावरून युद्ध झालं. ब्रह्मदेशाच्या बयिन्नौंग राजाने सयाममधल्या अयुथ्थया राज्याच्या महाचक्रफत राजाकडे दोन पांढरे हत्ती मागितले. त्याने नकार दिला. १५६३ मध्ये ब्रह्मी फौजा चालून आल्या आणि १५६४ मध्ये अयुथ्थयाला नमावं लागलं. दोन देऊन भागलं असतं, तिथे चार हत्ती गेले आणि राजपुत्रही ओलीस गेला. थायलंडमध्ये पुढेही, १९२१ च्या कायद्यानुसार, पांढरा हत्ती सापडला तर तो राजाला सादर करावा लागतो. म्हणजे हत्तीची वाट राजाकडे जाणारी आहे, राजाकडून निघणारी नाही.

राजाची भेट नाकारता येत नाही हेही पूर्ण खरं नाही. सयामच्या मोंगकुट राजाने अमेरिकेला हत्ती देऊ केले होते. पांढरे नव्हेत, कामाचे. ते पत्र अब्राहम लिंकनच्या टेबलावर आलं आणि १८६२ मध्ये त्याने अतिशय अदबीने नकार कळवला. आमच्याकडचं हवामान हत्तींना मानवणारं नाही आणि आमचं काम वाफेच्या यंत्रांवर चालतं, असा त्या उत्तराचा आशय. नको असलेली भेट परत कशी पाठवावी याचा नमुना म्हणून वर्गात मी ते पत्र सांगते. पलंगाच्या वेळी मला ते आठवलं असतं तर!

हत्ती खरोखर पांढरा असतो का?

चुन्यासारखा नसतो. भाजलेल्या विटेवर चुन्याची निवळी फिरवावी तसा फिकट तांबूस असतो, आणि आंघोळ घातल्यावर आणखी तांबूस दिसतो. थायलंडमध्ये नुसत्या रंगावर ठरतही नाही. डोळे, टाळू, नखं, केस, कातडी, शेपटीचे केस अशी अंगावरची लक्षणं जाणकार तपासतात आणि मग मान्यता मिळते.

ही गोष्ट अमेरिकन प्रेक्षकांना कोणी सांगितली नव्हती. सर्कसवाला पी. टी. बार्नम याने मोठी जाहिरात करून ब्रह्मदेशातून ‘तौंग तालौंग’ नावाचा पांढरा हत्ती मिळवला आणि १८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला आणला. लोक बघायला आले आणि खट्टू झाले, कारण समोर होता मळकट करडा, अधूनमधून गुलाबी डाग असलेला हत्ती. तेवढ्यात फोरपॉ नावाच्या त्याच्या प्रतिस्पर्ध्याने एक साधा हत्ती रंगवून शुभ्र केला आणि हाच खरा म्हणून मिरवला. खऱ्यापेक्षा रंगवलेल्याला पाहणारे खूश. बार्नमचा हत्ती १८८७ मध्ये सर्कशीच्या तळाला लागलेल्या आगीत मेला. म्हणजे ज्याने खरोखरचा पांढरा हत्ती विकत घेतला, त्यालाही तो वाक्प्रचारातल्यासारखाच पडला.

हा हत्ती थिबा राजाकडून घेतल्याचं बार्नम सांगायचा. थिबा हे नाव कोकणातल्या माणसाला नवं नाही. ब्रह्मदेशाचे राजे ‘पांढऱ्या हत्तीचे स्वामी’ हे बिरुद अभिमानाने लावत. त्या परंपरेतला हा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली आणि त्याला कैद केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. तिथला थिबा राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास. डिसेंबर १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. राजवाड्याच्या गच्चीवरून खाडी दिसते. पांढऱ्या हत्तीच्या स्वामीने शेवटची वर्षं ते पाणी बघत काढली. रत्नागिरी जिल्ह्याचा आणि या वाक्प्रचाराचा संबंध इथेच संपत नाही; पुढे येतंय.

आपल्याकडे ऐरावत पूज्य. मग पांढऱ्या हत्तीचा अर्थ उलटा कसा झाला?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. समुद्रमंथनातून निघालेल्या रत्नांत ऐरावत आहे. कोजागरीला लक्ष्मीबरोबर ऐरावतावर बसलेल्या इंद्राची पूजा सांगितली आहे. तुकोबांच्या अभंगात ऐरावत थोर आहे म्हणून त्याला अंकुशाचा मार बसतो. म्हणजे तिथेही हत्तीचा मोठेपणा गृहीतच धरला आहे, निरुपयोगीपणा कुठे नाही. बुद्धाच्या जन्माआधी मायादेवीच्या स्वप्नात येतो तोही पांढराच हत्ती.

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलेलं आहे. त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. विश्वंतर राजपुत्राकडे पाऊस आणणारा पांढरा हत्ती असतो. कलिंगात दुष्काळ पडतो, तिथले ब्राह्मण येऊन हत्ती मागतात आणि हा दानशूर राजपुत्र तो देऊन टाकतो. प्रजा खवळते. आमच्या राज्याचं भाग्य तू परक्याला दिलंस म्हणून त्याला वनवासात पाठवतात. सयामच्या गोष्टीत हत्ती मिळतो तो माणूस बरबाद होतो, या कथेत जो हत्ती देतो तो. एकच जनावर, पण दोन्ही गोष्टींत हत्तीची किंमत अगदी उलटी.

थाई भाषेतही तो आजवर मानाचाच आहे. पांढऱ्या हत्तीला तिथे ‘छांग फुआक’ म्हणतात आणि खेड्यापाड्यातून वर आलेल्या गुणी मुलालाही तोच शब्द वापरतात. आपण जिला आकाशगंगा म्हणतो ती त्यांच्या भाषेत पांढऱ्या हत्तीची वाट. १९१७ पर्यंत त्यांच्या झेंड्यावरही पांढरा हत्तीच होता.

तेव्हा अर्थ उलटा केला तो इंग्रजीने. राजदरबारातली श्रद्धा बाहेरून बघणाऱ्या व्यापाऱ्या-प्रवाशाला काय दिसलं? काम न करणारं, सोन्याच्या ताटात खाणारं जनावर. पुढे तोच अर्थ इंग्रजी वर्तमानपत्रांतून मराठीत उतरला आणि ‘पांढरा हत्ती’ म्हणून रुळला. म्हणून मराठीत आज शेजारीशेजारी दोन पांढरे हत्ती नांदतात. पोथीत असेल तर ऐरावत, अर्थसंकल्पाच्या बातमीत असेल तर पांढरा हत्ती. कोणीही ‘हा प्रकल्प ऐरावत ठरला’ असं लिहीत नाही, हे भाषेचं शहाणपण.

इंग्रजीत हा अर्थ कधीपासून आहे?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून. कोशकार १८५१ मधलं एक पत्र दाखवतात, ज्यात एका बाईंनी कोणाच्या तरी उपकारांना पांढऱ्या हत्तींची उपमा दिली आहे: वापरता येत नाहीत आणि कृतज्ञता मात्र संपवून टाकतात. मला हे फार पटतं. इमारतींच्या आधी हा शब्द उपकारांना लागला.

जगातली ठळक उदाहरणं कोणती?

यादी लांबलचक होईल. मी वर्गात एकाच शहरावर थांबते, ते म्हणजे कॅनडातलं माँट्रियल, कारण तिथे दोन हत्ती एकदम भेटतात.

पहिला १९७६ च्या ऑलिम्पिकचं स्टेडियम. आकार वाटोळा, म्हणून त्याला ‘बिग ओ’ म्हणायचे. स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्याचा झुकता मनोराही अर्धवट होता. खर्च इतका फुगला की इंग्रजीत ‘ओ’ या अक्षराच्या जागी तसाच उच्चार असलेला ‘देणं लागणे’ या अर्थाचा शब्द घालून लोक त्याला ‘मोठं देणं’ म्हणू लागले. कर्ज फेडण्यासाठी तंबाखूवर खास कर बसवला. ते कर्ज फिटलं २००६ मध्ये. पंधरवड्याच्या खेळांसाठी तीस वर्षं हप्ते! मधल्या काळात छत फाटायचं, बर्फाने खचायचं, पुन्हा दुरुस्ती. पाडावं म्हटलं तर पाडायचाही खर्च प्रचंड.

दुसरा मिराबेल विमानतळ. १९७५ मध्ये उघडला, तेव्हा जमिनीच्या हिशेबात जगातला सगळ्यात मोठा. गावकऱ्यांच्या शेतजमिनी घेऊन बांधला, पण शहरापासून लांब, आणि जुना विमानतळ चालूच ठेवला. प्रवासी जवळचा सोडून लांबच्याला कशाला जातील? २००४ मध्ये शेवटचं प्रवासी विमान उडालं आणि २०१४ मध्ये टर्मिनल पाडायला घेतलं. मालवाहतूक आणि विमानांचे कारखाने तिथे आहेत, म्हणून हा हत्ती निदान थोडंफार ओझं वाहतो.

महाराष्ट्रातलं उदाहरण द्यायचं तर?

माझ्या पिढीला एकच नाव पटकन आठवतं: एन्रॉन. आणि इथे आपण पुन्हा रत्नागिरी जिल्ह्यात येतो. गुहागर तालुक्यात अंजनवेलला या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. १९९२ मध्ये सामंजस्य करार, १९९५ मध्ये रद्द, मग फेरवाटाघाटी, आणि १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू. महत्त्वाची गोष्ट करारात होती. वीज घ्या न घ्या, क्षमतेपोटी ठरलेला आकार राज्य वीज मंडळाने भरायचाच. वीज महाग, म्हणून घेणं परवडत नाही. घेतली नाही तरी बिल चुकत नाही. पोसणं म्हणजे काय हे यापेक्षा स्वच्छ सांगता येणार नाही. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं बंद केलं, डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि संच गंजत पडले. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून नवी कंपनी काढली आणि तो पुन्हा सुरू केला. पुढे तिथली वीज रेल्वेनेही घेतली.

मुंबईकर मोनोरेलचं नाव घेतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा सुरू झाली, तेव्हा आधुनिक काळातली देशातली पहिलीच. सात रस्त्यापर्यंतचा पुढचा टप्पा यायला मार्च २०१९ उजाडला. मधली पाच वर्षं ती जिथून कोणाला निघायचं नव्हतं तिथून जिथे कोणाला जायचं नव्हतं तिथे रिकामी धावत होती. आणि नियतीचा विनोद बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुसळधार पावसात लोकल कोलमडल्या, लोकांनी मोनोकडे धाव घेतली आणि त्या गर्दीच्या वजनाने गाडी अधांतरी अडकली. अग्निशमन दलाच्या शिड्या लावून शेकडो प्रवाशांना उतरवावं लागलं. पुढच्याच महिन्यात सुधारणांसाठी सेवा थांबवली गेली. रिकामी धावली म्हणून हत्ती म्हणायचे आणि भरली त्या दिवशी ती चाललीच नाही.

‘मोनोरेल पांढरा हत्ती ठरला’ की ‘ठरली’?

ठरली. क्रियापद कर्त्यामागे जातं, हत्तीमागे नाही. ‘योजना पांढरा हत्ती ठरली’, ‘विमानतळ पांढरा हत्ती ठरला’, ‘या इमारती पांढरे हत्ती ठरल्या’. कानाला आधी विचित्र वाटतं, पण ‘ती मुलगी घराचा आधार ठरली’ असं आपण बिनदिक्कत म्हणतोच की.

क्रियापदांपैकी ‘ठरणे’ आणि ‘पोसणे’ ही दोन अस्सल. ‘पांढरा हत्ती साबित झाला’ हे हिंदीतून वाहत आलेलं, ते नको. ‘श्वेत हत्ती’ तर कोणीच बोलत नाही. ‘पांढऱ्या हत्तीसारखा प्रकल्प’ चालेल, पण त्यात जोर राहत नाही.

आणि ‘पोसणे’बद्दल जरा थांबून सांगायला हवं. इंग्रजीत हा वाक्प्रचार नुसतं नाम आहे. अमुक गोष्ट व्हाइट एलिफंट आहे, बस. मराठीने त्याला क्रियापद जोडलं आणि बोलणाऱ्यालाच कामाला लावलं. ‘आपण हा पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा?’ या वाक्यात पैसा कोणाच्या खिशातून जातोय हे सांगावं लागत नाही. माझं मत विचाराल तर इथे उसना वाक्प्रचार मुळापेक्षा धारदार झाला आहे. म्हणून अनुवाद करताना जमेल तिथे ‘पोसणे’ वापरा.

यासाठी जुना मराठी शब्द नव्हता का?

सगळ्यात जवळचा म्हणजे लोढणं. पळून जाणाऱ्या गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचे, तो लोढणं. ‘गळ्यात लोढणं पडलं’ म्हटलं की नकोसं, सुटता न येणारं ओझं कळतं. फरक इतकाच की लोढण्याला दिमाख नसतो. पांढरा हत्ती निदान दिसायला तरी भारदस्त हवा.

‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ यात खर्चाचं प्रमाण चुकलेलं आहे, पण ती कोंबडी शेवटी खाल्ली जाते. ‘नाकापेक्षा मोती जड’ हे गौण गोष्टीने मुख्य गोष्टीला भारी पडण्याबद्दल आहे. घरातल्या नव्या जावयाला लागू पडेल, उड्डाणपुलाला नाही. ‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं’ यात पेच आहे, खर्च नाही. हे सगळे हत्तीचे नातलग म्हणा, पण त्याच्या जागी उभं राहील असं त्यांच्यात कोणी नाही. म्हणूनच उसना असूनही तो टिकला.

आणि एक गंमत. मराठीत ‘दारी हत्ती झुलणे’ हे ऐश्वर्याचं लक्षण आहे. हत्ती झुलतोय तोपर्यंत वैभव, पोसावा लागतोय हे लक्षात आलं की पांढरा.

‘एलिफंट इन द रूम’ म्हणजे हेच का?

नाही, तो वेगळा हत्ती. सगळ्यांना दिसतोय पण कोणी बोलत नाही, अशी अडचणीची गोष्ट म्हणजे खोलीतला हत्ती. घरच्या जेवणाला सगळे जमलेत, धाकट्याचं लग्न मोडलंय आणि बोलणं चाललंय कैऱ्यांच्या भावावर. तो खोलीतला हत्ती. त्याला चारा लागत नाही, शांतता पुरते. गुलाबी हत्ती आणखी निराळा, तो दारू चढल्यावर दिसतो. एकदा एका भाषांतरात मी ‘मंत्र्यांनी खोलीतल्या पांढऱ्या हत्तीकडे लक्ष वेधले’ असं वाचलं आहे. त्या खोलीत किती गर्दी झाली असेल!

माणसाला पांढरा हत्ती म्हणता येतं का?

इंग्रजीत सहसा नाही. मराठीत बोलताना म्हणतात, विशेषतः काम नसलेल्या मोठ्या पदांवरच्या साहेबांना. लिहिताना टाळा, पदाला म्हणा, माणसाला नको.

विरुद्ध अर्थाचा शब्द?

दुभती गाय. आपल्याकडे ती आधीपासूनच आहे, तिच्या लाथासुद्धा गोड.

अमेरिकेत ऑफिसात ‘व्हाइट एलिफंट पार्टी’ आहे. काय घेऊन जाऊ?

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न दर डिसेंबरात येतो. भारी भेट नेऊ नका. हा नाताळच्या सुमाराचा खेळ आहे. प्रत्येकाने एक वस्तू कागदात गुंडाळून न्यायची, चिठ्ठीवरच्या क्रमांकाप्रमाणे एकेकाने उचलायची. आपली पाळी आली की नवं पुडकं उघडायचं किंवा दुसऱ्याने उघडलेली वस्तू सरळ हिसकावून घ्यायची. हिसकावण्यात मजा असते, राग मानायचा नसतो. बहुतेक ठिकाणी किमतीची मर्यादा आधी सांगतात. घरात पडून असलेली विचित्र वस्तू उत्तम. एका मुलाने संकोचून चांदीची वाटी नेली होती. ती चारदा हिसकावली गेली आणि त्याच्या हाती आला बॅटरीवर गाणारा मासा.

‘सीक्रेट सांता’ वेगळा. त्यात कोणाला भेट द्यायची ते ठरलेलं असतं, म्हणून तिथे नीट काहीतरी न्यावं.

इंग्लंडमध्ये चर्चच्या जत्रेत ‘व्हाइट एलिफंट स्टॉल’ असतो. लोक घरातल्या नकोशा वस्तू दान देतात, दुसरे त्या चार पैशांत नेतात, पैसे चर्चला. पुढच्या वर्षी त्यातल्या काही वस्तू त्याच टेबलावर परत येतात म्हणे.

पांढरा हत्ती विकता येतो का?

येतो, घेणारा सापडला तर. स्पेनमधला सिउदाद रेआल विमानतळ २००८ च्या शेवटी सुरू झाला आणि २०१२ मध्ये बंद पडला. तीन वर्षांनी लिलाव पुकारला तेव्हा बोली आली एकच, १०,००० युरोंची. एवढ्यात बरी जुनी मोटार येते. ती बोली पुढे मान्य झाली नाही.

आमच्या पलंगासाठीही एकदा जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला. सासूबाई गावाला गेल्या होत्या. त्याने पलंगाखाली वाकून पाहिलं, नखाने लाकूड खरवडलं, खांब कुठे आहेत ते विचारलं, माळ्यावर चढून तेही मोजले. मग आकडा सांगितला, तो बरा होता. म्हटलं, “घेऊन जा.” तो दाराकडे गेला, टेपने चौकट मोजली आणि म्हणाला, “ताई, खाली उतरवून देणार असाल तर.”